धुण्याच्या खोलीत कपड्याचा रंग खरा दिसला पाहिजे

वाचकाचे पत्र

आम्ही पुण्यात कोथरूडला 1996 साली बांधलेल्या इमारतीत राहतो. स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी आम्ही धुण्याची खोली म्हणून वापरतो. ती साडेचार फूट रुंद, सात फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच आहे. उत्तरेला एकच सरकती खिडकी असून समोर पंधरा-वीस फुटांवर दुसरी इमारत आहे. आत पांढरे वॉशिंग मशीन, वर कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या, चार फुटांपर्यंत बिस्किटी टाइल्स आणि त्यांच्यावर जुना पिवळट ऑइलपेंट आहे. छताजवळ काळे ठिपके पडले आहेत आणि मशीनमागच्या कोपऱ्यात टाइल्सच्या वर रंग फुगला आहे. मला गर्द मोरपंखी रंग हवा आहे, सासूबाईंना त्यांच्या वाईजवळच्या घरासारखा फिकट निळा, तर सात वर्षांच्या मुलीला लिंबासारखा पिवळा. यजमान म्हणतात, एवढ्याशा जागेला पांढरा देऊन मोकळे व्हा. दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर

स. न.

तुमच्या पत्रात चौघांच्या चार आवडी आल्या आहेत आणि त्यातली एकही अवाजवी नाही. तरीही रंग ठरवण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार व्हायला हवा, तो म्हणजे त्या खोलीत उभे राहून तुम्ही दिवसभरात काय करता. दिवाणखान्यात आपण बसतो, बोलतो, त्यामुळे तिथली भिंत डोळ्याला सुखावली की पुरे. धुण्याच्या खोलीत आपण कपडा पाहतो. शर्टाची कॉलर उलटी करून मळ पाहतो, पांढरे आणि रंगीत कपडे वेगळे काढतो, गडद निळी आणि काळी पँट एकमेकींपासून ओळखतो, हळदीचा डाग गेला की राहिला हे खिडकीशी धरून तपासतो. म्हणून या खोलीतली भिंत अशी हवी की तिच्यामुळे कपड्याचा रंग बदललेला दिसणार नाही. माझा सारा सल्ला या एकाच गोष्टीवर उभा आहे.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या मोरीला मी हौसेने पिस्ता रंग दिला होता. शेड कार्डावर तो इतका हलका होता की पांढऱ्याशेजारीच ठेवावा असे वाटे. रंग दिल्यावर दोनेक महिन्यांत मुलाच्या शाळेचे पांढरे शर्ट मला पिवळट वाटू लागले, म्हणून मी शेवटच्या पाण्यात निळीचे थेंब वाढवत गेले. एके दिवशी ते शर्ट गच्चीवरच्या उन्हात वाळत घातले तेव्हा पाठीवर आणि खिशांच्या शिवणीशी निळे ढग उमटलेले दिसले. कपडा मुळात पिवळा पडलाच नव्हता. चारही पिस्ता भिंतींवरून उसळलेला उजेड त्याच्यावर पडत होता आणि त्या उजेडात मी निळीचे माप ठरवत होते. ती नीळ उतरवायला तीन धुणी लागली.

असे का होते ते थोडे समजून घेतले तर पुढचा निर्णय सोपा जातो. प्रत्येक रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा काही भाग परत पाठवतो. त्याचे प्रमाण रंग कंपन्या शून्य ते शंभर या मापावर देतात, त्याला प्रकाश परावर्तन मूल्य म्हणतात. अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात किंवा संकेतस्थळावर शेडच्या नावासोबत ‘एलआरव्ही’ या अक्षरांपुढे हा आकडा सापडतो. फिकट, पांढरटसर छटांचा आकडा सत्तर ते ऐंशीच्या घरात असतो आणि गर्द मोरपंखीचा दहाच्या आसपास. मोठ्या खोलीत उजेड एखाद्या भिंतीवर आपटून डोळ्यांपर्यंत येतो, पण साडेचार फुटांच्या खोलीत तो समोरासमोरच्या भिंतींमध्ये पुन्हा पुन्हा उसळतो. पंचाहत्तर मूल्याच्या रंगावर शंभर भाग उजेड पडला तर पहिल्या उसळीनंतर पंचाहत्तर, दुसऱ्यानंतर छपन्न आणि तिसऱ्यानंतरही बेचाळीस भाग उरतात. दहा मूल्याच्या रंगावर पहिल्या उसळीला दहा, दुसऱ्याला एक, आणि तिसऱ्याला जवळजवळ काहीच उरत नाही. शिवाय प्रत्येक उसळीत उजेड त्या भिंतीचा रंग आणखी थोडा उचलतो, त्यामुळे लहान खोलीत कोणताही रंग कार्डावरच्या तुकड्यापेक्षा अधिक चढलेला दिसतो. माझा पिस्ता रंग कार्डावर हलका आणि भिंतीवर हिरवागार का दिसला, याचे उत्तर मला पुढे इथे मिळाले.

आता तुमच्या मोरपंखीकडे वळते, कारण तो तुमचा स्वतःचा आवडता रंग आहे आणि त्याला सरळ नकार देण्याची माझी इच्छा नाही. त्याची पहिली अडचण वर सांगितली; उत्तरेची एकच खिडकी आणि समोर इमारत असताना ही खोली दुपारीदेखील दिवा लावल्याशिवाय वापरता येणार नाही. दुसरी अडचण रोजच्या वापराची आहे. धुण्याच्या खोलीत भिंतीवर जे पडते ते बहुतेक पांढरे किंवा करडे असते: साबणाच्या चुऱ्याचे शिंतोडे, जड पाण्याचे सुकलेले क्षार, कपड्यांची लव. फिकट भिंतीवर ही सारी दिसेनाशी होतात, गर्द भिंतीवर मात्र प्रत्येक थेंबाचा ओघळ पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. ती रेघ पुसायला ओले फडके फिरवले की मॅट गर्द रंगावर घासल्याचा चकचकीत पट्टा उमटतो आणि तो पुन्हा जात नाही. तुमच्याकडे बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर हा त्रास दर आठवड्याचा होईल.

तरीही मोरपंखी या खोलीत येऊ शकतो आणि यावा असे मला वाटते. स्वयंपाकघरातून आत येणाऱ्या दाराची आतली बाजू आणि वर माळा असल्यास त्याची दारे या दोन जागा त्याच्यासाठी उत्तम आहेत. दार उघडे असताना ते भिंतीला टेकते आणि कपड्यांवर त्याचा उजेड फारसा पडत नाही, दार बंद केले की तो भरदार रंग समोर येतो. लाकडावर तो एनॅमलमध्ये द्यावा, म्हणजे पुसताही येईल.

सासूबाईंच्या फिकट निळ्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण त्यामागे पुष्कळ शहाणपण आहे आणि ते केवळ आठवणीपोटी आलेले नाही. आपल्याकडे गावच्या घरांना चुना देताना त्यात नीळ कालवण्याची रीत होती, अजूनही काही ठिकाणी आहे. नुसता चुना काही दिवसांनी पिवळसर वाटू लागतो, त्यात चिमूटभर नीळ पडली की तो अधिक शुभ्र दिसतो, आणि नीळ जास्त पडली की सासूबाईंच्या आठवणीतली निळसर भिंत तयार होते. पांढऱ्या कपड्यांसाठी जी भुकटीची नीळ वापरत, तीच ही. तिच्यातले रंगद्रव्य अल्ट्रामरीन, जे पूर्वी लाजवर्द या मौल्यवान दगडापासून काढावे लागे. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये ते कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली आणि हा रंग सामान्य माणसाच्या घरात आला. चुना फार तीव्र अल्कधर्मी असतो, त्याच्यात कित्येक रंग टिकत नाहीत, अल्ट्रामरीन मात्र टिकते. म्हणून चुना आणि नीळ यांची जोडी जमली.

पण त्या भिंती पावसाळ्यातही काळ्या पडत नसत याचे श्रेय निळ्या रंगाला देता येणार नाही, ते चुन्याचे होते. त्याच्या अल्कतेत बुरशी सहज धरत नाही आणि चुन्याची भिंत ओल आत कोंडून न ठेवता बाहेर जाऊ देते. तुमच्या फ्लॅटमध्ये जुन्या ऑइलपेंटवर चुना धरणारच नाही, आणि अरुंद जागेत वावरताना तो धुतलेल्या कपड्यांना लागेल. मग इमल्शनमधला, म्हणजे पाण्यात मिसळून भिंतीला द्यायच्या तयार रंगातला, फिकट निळा उरतो. उत्तरेचा उजेड मुळातच निळसर असतो, त्यात निळी भिंत मिळाली की खोली पावसाळ्यात फार थंड, राखाडी वाटते, आणि पांढऱ्या कपड्याला नीळ पुरेशी झाली की नाही हेही अशा खोलीत कळत नाही. सासूबाई घरी नीळ वापरत असतील तर त्यांना हे एकदा सांगून पाहा. ज्यांनी आयुष्यभर कपडे नीळ करून वाळत घातले आहेत त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर पटेल.

लिंबाच्या पिवळ्याचे तसेच आहे. पिवळसर उजेडात पांढऱ्यावरचा पिवळा डाग दिसत नाही, आणि आपल्या घरांत सर्वांत जास्त डाग हळदीचे असतात. साबण लागल्यावर हळदीचा डाग तांबडा होतो तेव्हा कुठेही दिसेल, पण दोन धुण्यांनंतर जो अगदी पुसट पिवळा व्रण उरतो तो पिवळ्या खोलीत हमखास नजरेतून सुटेल आणि इस्त्री करताना सापडेल. मुलीसाठी पिवळ्या बादल्या, पिवळा चिमट्यांचा डबा घ्या. तिचा रंग खोलीत राहील आणि तो हलवताही येईल.

राहिला यजमानांचा पांढरा. ते उत्तराच्या सर्वांत जवळ आहेत, फक्त शुद्ध पांढरा इथे चांगला दिसणार नाही. थेट ऊन नसलेल्या खोलीत निव्वळ पांढरी भिंत कोपऱ्यांत करडी, निळसर आणि अस्वच्छ भासते. त्यातून तुमच्या बिस्किटी टाइल्सच्या वर तो पांढरा आला की खालच्या टाइल्स कळकट वाटू लागतील, जरी तुम्ही त्या रोज घासत असलात तरी. उलट, टाइल्सशी जुळावा म्हणून चांगला पिवळसर क्रीम घेतला तर त्याच्यासमोर मशीनचा गारसा पांढरा पत्रा येतो आणि मग भिंतच जुनाट दिसते. रंग निवडताना लोक पडदे पाहतात, फरशी पाहतात, आणि खोलीतली सर्वांत मोठी पांढरी वस्तू जी मशीन, तिच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून कार्डावरचे तुकडे एकदा मशीनच्या पत्र्याला आणि एकदा टाइलला टेकवून पाहा. दोन्हींच्या शेजारी जो मळकट दिसणार नाही तोच तुमचा रंग.

तो कसा असेल तेही सांगते. ताजे, पातळ ताक पांढऱ्या वाटीत ओतल्यावर वाटीच्या कडेपेक्षा ते जेवढे उबदार दिसते, तेवढाच उबदारपणा आणि त्यात किंचित राखाडीची झाक असलेली पांढरट छटा. हिरवट किंवा गुलाबी झाक असलेली नको. ती झाक ओळखण्यासाठी कार्डाचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा, लगेच कळते. परावर्तन मूल्य बहात्तर ते ऐंशीच्या दरम्यान असावे. छताला मात्र साधा पांढरा मॅट द्यावा, कारण ते कपड्यांच्या दोऱ्यांच्या वर असल्याने तिथून येणारा उजेड जितका निखळ तितका चांगला.

समोरच्या इमारतीचा रंगही पाहून घ्या. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेवढे दिवस सोडले तर दुपारी तुमच्या खिडकीत थेट ऊन येणार नाही, आणि त्या दिवसांतही जूनपासून ढगच असतात. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ तुमच्या खोलीत जो उजेड येतो तो आकाशाचा आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला असतो. ती भिंत विटकरी किंवा पिवळी असेल तर उजेडही तसाच येईल, मग निवडलेल्या छटेत पिवळा आणखी कमी करून थोडा राखाडीकडे झुकलेला पांढरा घ्यावा.

दिव्याचे लवकर सांगते, कारण ते सोपे आहे. एलईडी ट्यूबच्या खोक्यावर 3000, 4000 किंवा 6500 केल्विन असा आकडा असतो. 3000 चा उजेड पिवळा, तो इथे नको. 6500 चा निळसर पांढरा आपल्याकडे सर्रास लावतात, डाग त्यात चांगले दिसतात पण खोली रुग्णालयासारखी वाटते. माझी पसंती 4000 ला आहे. खोक्यावर ‘सीआरआय’ म्हणून आणखी एक आकडा असतो, त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो शंभरपैकी सांगतो; तो नव्वद मिळाला तर उत्तम, ऐंशीपेक्षा कमी घेऊ नये, कारण गडद निळा आणि काळा यांतला फरक हलक्या दिव्याखाली कळत नाही. ट्यूब मशीनच्या नेमकी वर, तुमच्या समोरच्या भिंतीवर असावी. पाठीमागे असली की कपड्यावर तुमचीच सावली पडते.

इतके रंगाविषयी झाले, पण तुमच्या पत्रातले जे वाक्य वाचून मी थांबले ते काळ्या ठिपक्यांचे आणि फुगलेल्या रंगाचे. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांच्यावर रंगाचा हात फिरवला तर येत्या पावसाळ्यात दोन्ही परत येतील.

छताजवळचे ठिपके बुरशीचे आहेत. सहा किलोचे भरलेले मशीन कपडे पिळून थांबले तरी त्या कपड्यांत तीन लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी उरलेले असते. पावसाळ्यात खिडकी बंद करून ते कपडे त्याच खोलीत वाळवले की ते सगळे पाणी हवेत जाते, आणि दमट हवा जिथे खेळत नाही त्या छताच्या कोपऱ्यांत ओल धरते. बुरशीरोधक रंग काही काळ मदत करतो, पण हे पाणी बाहेर जायला वाट मिळाली पाहिजे. खिडकीच्या वरच्या भागात सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवा आणि कपडे वाळत असताना स्वयंपाकघराचे दार बोटभर उघडे ठेवा, म्हणजे पंख्याला आत ओढायला हवा मिळेल. आताचे ठिपके काढताना कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचमध्ये तिप्पट पाणी घालून ते फडक्याने लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून स्वच्छ पाण्याने धुवावे आणि दोन-तीन दिवस वाळू द्यावे. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्या वेळी जवळपास ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रावण वापरू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि साडेचार फुटांच्या खोलीत तो फार धोक्याचा ठरेल.

मशीनमागचा फुगवटा मात्र भिंतीच्या आतून येणाऱ्या ओलीचा दिसतो. नळाचा जोड झिरपत असेल किंवा भिंतीतला पाइप. खात्री करायची असेल तर फुगलेला रंग ओला करून हलक्या हाताने काढा, जागा पुसून कोरडी करा आणि तिथे दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. चोवीस तासांनी पाहा. प्लॅस्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दव जमले असेल तर पाणी भिंतीतून येते आहे, आणि बाहेरच्या बाजूला जमले असेल तर ते खोलीतल्या हवेतले आहे. मागे दव आले तर आधी प्लंबर, मग रंगारी. पाइप दुरुस्त झाल्यावर भिंत पूर्ण वाळायला किमान तीन-चार आठवडे द्यावे लागतात, नवे प्लास्टर केले तर अठ्ठावीस दिवस. त्याआधी पुट्टी भरली तर तिच्याखाली खार फुटतो आणि पोपडे निघतात.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते, कारण घरात सात वर्षांची मुलगी आहे. घरगुती रंगांतले शिसे 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत असावे असा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तुमचा ऑइलपेंट इमारतीच्या वयाचा असेल तर त्यात त्याहून पुष्कळ अधिक शिसे असण्याची शक्यता आहे. भिंतीवर तो घट्ट बसलेला असताना त्रास नाही, त्रास होतो तो कोरडे घासून केलेल्या धुळीचा. ती धूळ शेजारच्या स्वयंपाकघरात जाते, फरशीवर बसते, आणि लहान मुलांच्या शरीरात गेलेले शिसे त्यांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. त्यामुळे रंगाऱ्याला यंत्राने किंवा कोरड्या पॉलिशपेपरने घासू देऊ नका. पाणी लावून वॉटरपेपरने, चकाकी जाईल एवढेच घासायला सांगा, घट्ट बसलेला थर मुळापासून काढू नका. स्वयंपाकघराच्या दाराला प्लॅस्टिक लावा, रंगाऱ्यालाही चांगला मास्क द्या, दिवसअखेर फरशी झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसा, आणि ते दोन दिवस मुलीला आजीबरोबर दुसरीकडे पाठवता आले तर अवश्य पाठवा.

चकाकी घालवलेल्या त्या भिंतीवर ऑइलपेंटला धरणारा प्रायमर द्यावा लागतो. नुसते इमल्शन थेट ऑइलपेंटवर दिले तर वर्षभरात ते सालीसारखे सुटते. त्यावर धुता येण्याजोगे, चांगल्या प्रतीचे ॲक्रिलिक इमल्शन, शक्यतो बुरशीरोधक आणि सॅटिनसारख्या मध्यम चकाकीचे, दोन हात. डिस्टेंपर स्वस्त पडते पण या खोलीत दोन पावसाळेही टिकणार नाही. पुन्हा ऑइलपेंटच द्या असे रंगारी म्हणेल, कारण तो पाण्याला दाद देत नाही. पण फिकट ऑइलपेंट कमी उजेडाच्या जागी लवकर पिवळा पडतो, आणि तुमच्या भिंतीवर आज जो पिवळटपणा आहे तो बहुधा त्याचाच आहे.

रंग किती लागेल याचा हिशेब तुम्ही स्वतः करून ठेवा. चारही भिंतींची लांबी मिळून तेवीस फूट आणि टाइल्सच्या वरची उंची साडेपाच फूट, म्हणजे साधारण 126 चौरस फूट. त्यातून खिडकी आणि दाराचा वरचा भाग वजा केला की शंभरच्या आसपास उरतात. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांना 100 ते 140 चौरस फूट पुरते. एका लिटरात काम जेमतेम भागेल, म्हणून एक-एक लिटरचे दोन डबे एकाच वेळी, एकाच दुकानातून आणि एकाच यंत्रावर रंग मिसळून घ्यावेत. मागाहून आणलेल्या डब्याची छटा अगदी थोडी वेगळी आली तरी इतक्या जवळून ती दिसते.

पण डबे घेण्यापूर्वी नमुना. दुकानात मिळणारी सर्वांत लहान बाटली घ्या आणि दोन फूट चौरस पुठ्ठ्यावर दोन हात द्या. भिंतीवर थेट देऊ नका, शेजारचा जुना पिवळा रंग नव्याला फसवतो. पुठ्ठा पूर्ण वाळल्यावर तो खिडकीसमोरच्या भिंतीला, मग खिडकीच्या बाजूच्या भिंतीला, मग मशीनच्या मागे उभा करा. सकाळी आठला, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. शेवटी त्याच्यासमोर तीन कपडे धरा: एक कोरा पांढरा रुमाल, यजमानांची गडद निळी पँट आणि हळदीचा पुसट डाग असलेले स्वयंपाकघरातले फडके. रुमाल गच्चीवर दिसतो तसाच दिसला, पँट काळी वाटली नाही आणि फडक्यावरचा डाग दिसला, तर तो रंग नक्की करा. एकदा नव्हे, दोन-तीन दिवस पाहा.

आता दिवाळीचे. प्लॅस्टिकच्या तुकड्यामागे दव आले नाही तर तीन आठवडे पुरेसे आहेत: तीन-चार दिवस बुरशी धुऊन वाळवायला, एक दिवस घासायला, एक प्रायमरला, दोन दिवस दोन हातांना, आणि त्यानंतर मशीन सुरू करण्यापूर्वी चार-पाच दिवस रंग मुरायला. त्या दिवसांत धुणे बाहेर द्यावे लागेल. दव आले तर मात्र दिवाळीआधी भिंतींना हात लावू नका. पाइप दुरुस्त करून घ्या, कोपरा उघडा ठेवा, दाराला तुमचा मोरपंखी देऊन टाका आणि सण आनंदाने साजरा करा. डिसेंबर-जानेवारीतली पुण्याची कोरडी हवा रंगकामाला ऑक्टोबरपेक्षाही चांगली असते.

काम झाल्यावर उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे वर साय धरणार नाही. छटेचे नाव, तिचा क्रमांक आणि तारीख कागदावर लिहून तो कागद माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मशीन सरकवताना पहिला ओरखडा टाइल्सच्या कडेवर उमटेल, तेव्हा ती बरणी लागेल.